तीनची पाटी

मित्रांनो, त्र्याण्णव साली जाफराबादच्या वीज कचेरीतून एक पत्र आले होते. नाव माझ्या मालकाचे, पुंजारामचे होते, पण मजकूर माझ्याबद्दल होता. 'आपल्या विहिरीवरील मोटर प्रत्यक्षात किती अश्वशक्तीची आहे, ते पंधरा दिवसांत कळवावे.' त्या पत्राला अकरा वर्षे उत्तर गेले नाही. थोडा दोष माझ्याकडेही येतो. मी टेंभुर्णीच्या शिवारातली ती जुनी मोटर. सध्या लिंबाखाली पडून असते आणि माझ्या आडोशाला एक कोंबडी अंडी घालते. माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही. कोंबडी तरी ऐकत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंगात तांब्याची तार भरून मला तपासणीच्या टेबलावर फिरवून पाहिले. मी चांगली पाच अश्वशक्तीची भरले. फार आनंद झाला. पुढच्या टेबलावर एका माणसाने माझ्या पोटावर 'तीन' लिहिलेली पाटी ठोकली. मला वाटले, माझ्यातच काही उणे असेल.

तसे नव्हते. तेव्हा शेतातल्या विहिरींवर मीटर नव्हते. पाटीवर जो आकडा, त्यावर बिल. म्हणून शेतकरी दुकानात येऊन म्हणे, काम पाचचे करणारी तीनची द्या. दुकानदार कारखान्याला तसे कळवी, आणि कारखाना पाटी बदलून देई. मला निम्मे कारागिरांनी घडवले, निम्मे बिलाने.

सत्त्याऐंशी साली जीपमधून मला उतरवायला चार गडी लागले. शेजारच्या मळ्यातला सर्जेराव हसून म्हणाला, "पुंजाभाऊ, तीनची हाय म्हणता, मंग चौघाचा दम काहून निघून राह्यला?"

"पॅकिंग जड हाय," पुंजाराम पुटपुटला.

पॅकिंग म्हणजे एक रिकामे पोते होते.

मी पाणी भरपूर फेकले. लोक कौतुक करीत, "तीनची असून काय धार हाय!" आणि डोळा मारीत, कारण आमच्या डीपीवरच्या नऊही विहिरींवर तीनच्याच पाट्या होत्या आणि एकही मोटर तीनची नव्हती. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. बिचारीला कागद पाहून आणले होते, आणि कागदावर एकूण सत्तावीस अश्वशक्ती होती. त्यातच वीज ठरावीक वेळीच येऊ लागली. विहिरीवर वाट पाहत बसायला नको म्हणून सगळ्यांनी आपोआप मोटर चालू करणारी पेटी बसवली. मग वीज येताच आम्ही नऊजणी एकाच क्षणी धावत सुटायचो, आणि डीपी 'धाड' करून बसायची. माणसे कचेरीला शिव्या देत. त्या शिव्यांतला माझा वाटा मला माहीत होता.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात डीपी वर्षात तिसऱ्यांदा जळाली, आणि जाता जाता मला व सर्जेरावच्या मोटरीलाही जाळून गेली. पुंजारामच्या बायकोने, चतुराबाईने, नऊ वर्षे मोसंबीची बाग लेकरासारखी वाढवली होती. झाडांची पाने वळू लागली. लाइनमन धर्मराज येऊन डीपीकडे पाहून म्हणाला, "नवी येईल, पण एवढीच. सत्तावीसला ही बराबर हाय म्हणतेत सायब. मोठी पायजे तर खरे आकडे लिहून द्या."

तो जाताच चतुराबाईने स्टार्टरच्या पेटीमागचे जुने पत्र काढले. "लिहा उत्तर."

"अगं, दंड लावतील. बाकीच्यांचं बी उघडं पडंल."

"झाडाला पाटी वाचता येत न्हाई. त्याला पाणी लागतं."

बातमी ऐकून सर्जेराव बांध ओलांडून आला. "वैनी, तुमी हरिश्चंद्र होऊन राह्यले, अन् आमाला चोर करून राह्यले!"

"चोरायला बी पाणी तर यावं, भाऊजी. तुमची तीनची परवा हलवायला बैल जुपला तुमी. ते काय सायबाला दिसत न्हाई?"

सर्जेराव पाय आपटत गेला. पुंजाराम लिहायला बसला. पहिल्या कागदात त्याने इतकी माफी मागितली की आकडा लिहायचाच राहिला. दुसऱ्यात आकडा आला, पण तो इतका बारीक होता की चतुराबाईने कागद फाडला. तिसरा तिने पास केला.

पुढचे आताच सांगते. मला गोष्ट ताणता येत नाही. दंड बसला. मोठी डीपी पोळ्याला आली. बागेच्या दोन ओळी गेल्या, बाकीची झाडे टँकरच्या पाण्यावर तगली. म्हणून सांगते, मित्रांनो, मोटरीला वेळेवर ग्रीस भरा, ओल्या हाताने तिला शिवू नका, आणि तिच्या अंगावर तिचाच आकडा असू द्या. यंत्राला लाज नसते म्हणतात. मला होती.

पण तो दिवस सांगायचा राहिला. आम्हा दोघी जळक्या मोटरींत नवी तार भरून आणायला जालन्याला, मस्तगडच्या एका दुकानात नेत होते. जीप एकच मिळाली, त्यामुळे पुंजाराम आणि सर्जेराव एकमेकांशी न बोलता शेजारी बसले होते. मध्ये चतुराबाईची पिशवी, आणि मागे आमच्यापाशी चतुराबाई. टेंभुर्णीच्या पोस्टापाशी जीप थांबली. पुंजाराम उतरला, पेटीसमोर उभा राहिला आणि लिफाफ्यातून कागद काढून चौथ्यांदा वाचू लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. शेवटी सर्जेराव खाली उतरला आणि त्याने कागद ओढून घेतला.

"यात माझी मोटर कुठं हाय?"

"तुमची मी कशी लिहू?"

"मंग डीपी काय तुमच्या एकट्यापुरती मोठी होईल? लिहा. सर्जेराव. साडेसात."

मी शेजारी पडलेल्या त्याच्या मोटरीकडे पाहतच राहिले.

"साडेसात?" चतुराबाई ओरडली. "तरीच! तरीच आमच्या विहिरीचं पाणी तिकडं पळून राह्यलं!"

"वैनी, आधी टपाल टाका. भांडण जालन्यापर्यंत पुरवून करू."

पुंजारामने सर्जेरावच्या पाठीवर कागद टेकवून 'साडेसात' लिहिले, या वेळी मोठ्या अक्षरात. सर्जेरावने सही केली. आणि कोणी पाचव्यांदा वाचायच्या आत चतुराबाईने लिफाफा चिकटवला आणि पेटीत टाकला.