माझी बॅटरी उतरली नव्हती

मी एक जुनी, पांढऱ्या रंगाची छोटी व्हॅन आहे. पांढरी आपली म्हणायला. बेला भागातल्या आमच्या गावच्या काळ्या मातीने वीस वर्षांत माझा पांढरेपणा कधीच पुसून टाकला आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाला सकाळी भाजी कोणती खाल्ली ते आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. माझंही तसंच झालं आहे. फक्त मागच्या डिसेंबरातली एक दुपार जुनी नसूनही पुसली जात नाही. त्या दुपारी माझं नाव पुढे करून एक खोटं बोललं गेलं. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प उभी राहिले. ते सांगताना आजही माझं इंजिन गार पडतं. तरी सांगते.

मला आदिलाबादेतून आणलं सुधाकररावांनी. ते वीज खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. सुभद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि मी ती चिरडत अंगणात शिरले. पुढची किती वर्षं माझ्या डोक्यावर शिडी होती आणि पोटात तारांची भेंडोळी. वादळाने खांब पडला की सुधाकरराव ताटावरून उठत. सुभद्राबाई म्हणत, “अहो, एवढा घास तरी,” आणि आम्ही तोवर गावाबाहेर असू.

माझं खरं वैभव होतं माझं मागचं दार. ते वर उचलायचं, आतलं बाक आडवं करायचं, की त्यात माणूस नीट पाय लांब करून झोपत असे. गावात मोटरसायकली पन्नास, ट्रॅक्टर सात, पण आजारी माणसाला आडवं नेता येईल अशी मी एकटीच. लोक मागायला येत नसत. येत आणि सांगत, “सायब, मांगचं दार उघडा.” बस्स. सर्पदंश झालेले, ताप डोक्यात गेलेले, फवारणीने चक्कर आलेले, किती जणांना मी नेलं! शेजारच्या दादाजींची लेक नीलिमा तर बाळंतपणाला आदिलाबादेत नेताना वाटेतच अडली. दादाजींच्या पत्नी वच्छलाबाई ओरडल्या, “भाऊ, थांबवा गाडी! पोट्टी आली!” त्या बाळाचा पहिला टाहो माझ्या छताखाली घुमला. महिनाभर माझी चाकं जमिनीवर टेकत नव्हती.

मग सुधाकरराव निवृत्त झाले आणि त्यांनी मला फिरतं घर करायचं ठरवलं.

कारण सुभद्राबाई होत्या. चौतीस वर्षं प्रत्येक सहलीच्या दिवशी कुठे ना कुठे तार तुटली होती. आता वेळ होता तर त्यांचे गुडघे धरले होते. “मी कुठं येत नाही,” त्या म्हणत, “वाटेत आडोसा नसतो, बायामाणसानं काय करावं?” सुधाकररावांनी ते मनात ठेवलं. दोन महिने ते माझ्या पोटात उकिडवे बसून काम करत होते. छताला आतून उष्णता थोपवणारं जाड अस्तर लावलं, वर सौर पाटी बसवली, पंखा आणि दोन दिवे जोडले. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. वीस लिटरची पाण्याची टाकी उजवीकडे, तर तेवढ्याच वजनाची शेगडी-सिलिंडर डावीकडे, म्हणजे मी एका अंगाला कलू नये. कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड झाकणाचं भांडं. ते पाहून सुभद्राबाई लाजल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

पलंगासाठी सागाची फळी दादाजींनी दिली. त्यांच्या जुन्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची होती, ती मोडल्यावर जपून ठेवलेली. ते स्वतः रंधा घेऊन आले. काम करता करता ते माझ्या मागे गेले आणि थबकले. सुधाकरराव तिथे दाराला आतून आडवं भांड्यांचं उंच कपाट लावत होते, सोळा स्क्रू पिळून.

“सायब, मांगचं दार बुजवून राह्यले का?”

“जागाच नाही हो दुसरी.”

“अन् कोनाले न्यायचं पडलं तं?”

“आता दवाखान्याची गाडी फोन केला की येते दादाजी. आता हिचं हे काम संपलं. हिनं आता मजा करायची.”

दादाजी हसले, पण रंध्याकडे वळण्याआधी त्यांनी ते दार एकदा हाताने चाचपलं. मलाही काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं. पण खरं सांगू? तेव्हा मी नव्या क्रीम रंगाच्या गाद्यांवर इतकी खूष होते, की दार गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. माझ्या लाजेची सुरुवात तिथून होते.

पहिली सहल ठरली कुंटाळ्याच्या धबधब्याची. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सुधाकररावांनी मला चालू करून पाहिलं, पंखा फिरवला, दिवे लावले. सुभद्राबाईंनी कपाटात डबे लावले. दुपारी दादाजींच्या शेतात कापूस भरणं चालू होतं. ट्रॉलीवर उभं राहून कापूस पायांनी तुडवताना दादाजींचा तोल गेला आणि ते खाली दगडावर पडले.

वच्छलाबाई धावत आल्या. पायात चप्पल नव्हती.

“भाऊ, यायची मांडी मोडली वाटते! दवाखान्याची गाडी दुसऱ्या गावी गेली म्हनतेत, घंटाभर लागन. तुमची गाडी काहाडा!”

सुधाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची नजर ओळखते. तिच्यात ते सोळा स्क्रू होते, चिखल-रक्ताने भरणाऱ्या गाद्या होत्या आणि पस्तिसाव्यांदा मोडणारी सहल होती. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं.

“बॅटरी उतरली हो वच्छलाबाई,” ते म्हणाले. “सकाळपासून चालूच होत नाही.”

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. “बरं, बरं,” म्हणत पळाल्या. सहा फुटांच्या दादाजींना तीन चाकी ऑटोत बसवून नेलं. अंगणासमोरून ऑटो गेला तेव्हा मी त्यांचा आवाज ऐकला. आयुष्यभर ओझी उचललेला तो माणूस लहान मुलासारखा कण्हत होता. पुढे डॉक्टर म्हणाले, असं बसवून आणल्यामुळे मोडलेलं हाड आणखी सरकलं.

सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सकाळी पंखा फिरताना त्यांनीच पाहिला होता. संध्याकाळी फक्त म्हणाल्या, “उद्या जायचं का? बॅटरी चढली की सांगा.”

सुधाकररावांनी उठून माझ्या खिडक्या लावून घेतल्या.

मित्रांनो, इथेच सगळं संपलं असतं तरी लाज काही कमी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बंडी येऊन थांबली. बंडीत वच्छलाबाई होत्या, आणि त्यांच्या पायाशी होती ट्रॅक्टरची भलीमोठी बॅटरी आणि दोन जाड वायरी.

“भाऊ, ही घ्या लावून. त्यायच्याजवळ नीलिमा थांबली हाय, मी कपडे न्यायले आली. म्हटलं, तुमची सहल काऊन अडावी? वयनी कधी नाई ते निघून राह्यल्या.” मग त्या थट्टेने म्हणाल्या, “तुमी लाइटीचे सायब, अन् तुमच्याच घरी अंधार!”

“अहो, कशाला एवढं...”

“कशाले म्हन्जे? काल गाडी चालू असती तं तुमी थांबले असते का? मले काय मालूम नाई?”

सुधाकररावांनी वायरी हातात घेतल्या. लाल वायर कुठे आणि काळी कुठे, हे ज्याने हजार जणांना शिकवलं, त्या माणसाने दोनदा चुकत चुकत वायरी जोडल्या. मी मनोमन प्रार्थना केली, की आज मी खरंच चालू होऊ नये. निदान त्यांचं खोटं तरी खरं ठरावं. पण यंत्राला तेवढंही जमत नाही. किल्ली अर्धी फिरली आणि मी धडधडून उठले.

वच्छलाबाईंनी टाळी वाजवली. “पाहा! आमच्या बॅटरीत दम हाय!”

वर त्यांनी ती बॅटरी परत नेलीच नाही. “राहू द्या संगं. वाटेत पुन्हा उतरली तं? ट्रॅक्टर आता चालवते कोन?”

मग ती बॅटरी पलंगाखाली डाव्या कोपऱ्यात बसून आमच्यासोबत निघाली. उजवी-डावी वजनं तोलून बांधलेली मी, त्या एका डागाने डावीकडे कलले. आदिलाबादेत दवाखान्याचा रस्ता आला. सुभद्राबाईंनी तिकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. सुधाकररावांनी मला सरळ पुढे नेलं. दादाजींसमोर उभं राहायची त्यांची छाती नव्हती.

कुंटाळ्याला माझं कौतुक झालं, आयुष्यात झालं नव्हतं एवढं. लोक आत डोकावत, फोटो काढत, “घरी बनवली?” म्हणून विचारत. एक तरुण जोडपं शहरातून आलं होतं. त्यातला नवरा माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, “अंकल, सब एक नंबर है. लेकिन पीछे का दरवाज़ा नहीं खुलता क्या? कुछ हो गया तो?”

सुधाकररावांनी हातातला चहा खाली ठेवला.

सुभद्राबाई त्या सागाच्या पलंगावर एकदाही बसल्या नव्हत्या. पायरीवरच बसून त्यांनी चहा केला होता. ते जोडपं गेल्यावर त्या म्हणाल्या, “मला कुठं नेलं नाही म्हणून मी चौतीस वर्षं बोलले असेन. पण लोकांसाठी धावता म्हणून मी कधी बोलले नाही. आज पहिल्यांदा मला तुमच्यासोबत निघाल्याची लाज वाटली.” मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “चला घरी. ते कपाट काढा.”

त्या दिवशी धबधबा कसा होता, मला सांगता येणार नाही. त्या दोघांनीही पाहिला नाही.

घरी येऊन सुधाकररावांनी सोळाही स्क्रू काढले. कपाट कापून अर्ध्या उंचीची दोन केली आणि बाजूंना लावली. सागाच्या फळीखाली रूळ बसवले. आता मागचं दार उचललं की अख्खा पलंग बाहेर सरकतो, त्यावर माणूस झोपवायचा आणि अलगद आत ढकलायचा. मित्रांनो, फिरतं घर सोयीचं असावं म्हणून लोक नाना युक्त्या करतात. माझ्या अंगावरची ही सगळ्यात सोयीची युक्ती. पण ती उशिरा सुचली.

बाराव्या दिवशी आम्ही दादाजींना आणायला गेलो. पायात सळी घातलेले दादाजी स्वतःच्याच बंडीच्या फळीवर झोपून माझ्या पोटात आले. वच्छलाबाई पुढे बसल्या. आदिलाबाद मागे पडलं. नीलिमाची लेक जिथे जन्मली, ते निंबाचं झाड गेलं. आणि सुधाकरराव समोर रस्त्याकडे बघत म्हणाले,

“दादाजी, त्या दिवशी माझी बॅटरी उतरली नव्हती.”

वच्छलाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. दोन गावं गेली.

मग मागून दादाजींचा आवाज आला. “पुढं खड्डा हाय, सायब. हळू घ्या.”

एवढंच.

अंगणात पलंग सरकवून दादाजींना उतरवलं. वच्छलाबाई वळल्या, पलंगाखालची बॅटरी त्यांनी गड्याकडून उचलवली आणि घरी नेली. कोणाकडे पाहिलं नाही. ओझं उतरलं, मी पुन्हा सरळ उभी राहिले. पण मला मात्र अजून कलल्यासारखंच वाटत होतं.

तीन आठवडे त्या आमच्या अंगणात आल्या नाहीत. सुधाकरराव रोज सकाळी मला पुसत आणि त्या घराकडे पाहत.

संक्रांतीला त्या आल्या. सुभद्राबाईंना हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग सरळ माझ्याकडे आल्या. सुधाकरराव माझ्याजवळच उभे होते. त्यांनी हात अर्धा पुढे केला. वच्छलाबाईंनी तो पाहिला, पण माझं दार उघडून लाडू माझ्या स्टिअरिंगपुढे ठेवला. “हे घे बाई. तू तं खोटं बोलली नवती.”

मी कशी सांगणार त्यांना, की मी खरंही बोलले नव्हते?

सुधाकररावांनी हात खाली घेतला. वच्छलाबाई फाटकापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

“परवा यायले डॉक्टरनं बलावलं हाय. मांगचं दार उघडते ना आता?”

“उघडते,” सुधाकरराव म्हणाले.

तो लाडू अजून तिथेच आहे. मुंग्यांनी अर्धा नेला, पण सुधाकरराव तो उचलू देत नाहीत. सुभद्राबाईंची सहल अजून व्हायची आहे. दादाजी काठी टेकत चालायला लागले, की चौघांनी मिळून जायचं असं सुभद्राबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं आहे.

मित्रांनो, आमचं तेलपाणी बघा, चाकांत हवा ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी म्हातारी एवढंच मागते. आम्हाला हवं तसं नटवा, पण ज्या दारातून दुसऱ्याचं दुखणं आत येतं, ते दार बुजवू नका. आणि कधी मन मागे सरलंच, तर ते आपलं आपण कबूल करा. “गाडी बंद आहे” असं म्हणू नका. आम्ही चालू असतो हो. फक्त सांगू शकत नाही.