बेल्याची बटनवाली फियाट

"दुरून चालू केलेली गाडी आंधळी राह्यते, पोरी," नागोराव म्हणाले, तेव्हा रुख्मिणी फियाटच्या स्टेअरिंगखाली उताणी पडली होती आणि तिच्या दातांत टेस्टर होता. तोंड मोकळं नव्हतं, हे एक बरंच झालं. सासऱ्यांना मशीनलाही नाक-डोळे लावून बोलायची सवयच. तिनं नुसतं हुंकारून पुढची वायर सोलली.

अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर होता. थंडी पडली की तीन वर्षांच्या प्रज्ञाचा पहाटे श्वास अडकायचा, छातीत शिट्टी वाजायची. बेला गावाहून आदिलाबादचा दवाखाना तासाभरावर, नवरा सुधाकर दूर निर्मल शहरात नोकरीवर, आणि अंगणातली फियाट गारठली की दहा-दहा मिनिटं नुसती खोकत बसायची. मागचा सगळा हिवाळा रुख्मिणी पोरीला कडेवर घेऊन, अंगणात उभी राहून तो खोकला ऐकत होती. एकीकडे गाडीचा, एकीकडे पोरीचा.

म्हणून तिनं हैदराबादच्या भावाकडून ती पेटी मागवली होती. एक काळी डबी, दोन रिमोट, दारांच्या चार मोटरी आणि एक इंग्रजी कागद. घरातून बटन दाबलं की गाडी आपोआप चालू; पोरीला गुंडाळेपर्यंत इंजिन गरम; दुसरं बटन दाबलं की दारं उघडी, किल्ली शोधत बसायला नको. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं बी.एस्सी. कुठं कामाला येत होतं.

नागोरावांनी आडकाठी केली नाही. तीस वर्षं ते जिनिंगच्या मालकाचे ड्रायव्हर होते. मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्यांनी विकत घेतली, आणि जे मागचं दार मालकासाठी उघडून धरलं, त्याच दारातून आपल्या बायकोला, चंपाबाईंना, आत बसवून बेल्यात आणली. चंपाबाई गेल्या, गाडी राहिली. अशा गाडीच्या पोटात सुनेला हात घालू देणं ही साधी गोष्ट नव्हती.

दोन दिवस लागले. किल्लीच्या मागच्या वायरींत कोणती कायम जिवंत, कोणती स्टार्टरची, हे तिनं टेस्टर लावून एकेक शोधून काढलं. टेस्टरचा दिवा लागला की अंगावर काटा यायचा. दाराची कडी आणि मोटर यांच्यामध्ये सायकलचा स्पोक वाकवून घातला आणि तो पहिल्याच झटक्याला बरोबर बसला, तेव्हा ती एकटीच हसत सुटली.

शेवटी एक वायर उरली. कागद म्हणत होता, ही हातब्रेकला जोडा. ब्रेक ओढलेला असेल तरच गाडी चालू होईल. पण फियाटचा हातब्रेक कधीचाच ढिला. म्हणून तर नागोराव गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये उभी करायचे. रुख्मिणीनं ती वायर सरळ गाडीच्या पत्र्याला जोडून टाकली. आता डबीला वाटणार, ब्रेक कायम ओढलेलाच आहे. सर्किट कळत होतं म्हणूनच तिला ते फसवता आलं. नागोरावांना तिनं समजावलं की गिअरमध्ये असताना बटन दाबलं तर गाडी उडी घेईल, म्हणून यापुढं गिअर नाही, न्यूट्रल ठेवायचं आणि चाकाखाली वीट. ते बरं म्हणाले.

मग शेजाऱ्यांसमोर तिनं ओट्यावरून बटन दाबलं. चारी दारांच्या कड्या खट्‌कन उघडल्या. दुसरं दाबलं, फियाट थरथरली, एकदा खाकरली आणि चक्क सुरू झाली. आत कोणी नाही, आणि गाडी चालू. पोरं ओरडत सुटली. शेजारच्या बयनाबाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "माह्या घरवाल्याले बी असं एक बटन बसवून दे, बाई. खाटेवरून उठूनच नाई राह्यला." रुख्मिणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मध्येच उठून ती पुन्हा एकदा बटन दाबून यायची.

आठव्या दिवशी पहाटे प्रज्ञाचा श्वास अडकला. रुख्मिणीनं एका हातानं पोरीला उचललं, दुसऱ्यानं बटन दाबलं. दुधाच्या पातेल्यापासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत जिचं सगळीकडे लक्ष, तिनं तेवढ्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

नागोराव गाडीच्या नाकासमोर वाकून दिवे पुसत होते. आणि आदल्या संध्याकाळी गाडी लावताना तीस वर्षं गाडी चालवलेल्या हातानं आपल्या सवयीनं पहिला गिअर टाकला होता, वीट लावलीच नव्हती.

गाडी उडी मारून बंद पडली. म्हातारा मागच्या पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावर फेकला गेला. ढीग होता म्हणून वाचला; डावं मनगट मात्र अंगाखाली आलं.

ती धावत गेली तर ते उठूनही बसले होते. "माहीच चूक," ते म्हणाले. "गिअरात ठेवली मी. पोरीले घे अन् बस समोर."

"मामाजी, हात पाहू द्या आधी."

"श्वास पोरीचा अडकला, का हाताचा?"

गाडी चालू करायची सगळी विद्या रुख्मिणीला आली होती. चालवायची एकही नाही. आणि फियाटचा गिअर स्टेअरिंगजवळ, डाव्या हाताचा. नागोरावांनी उजव्या हातानं स्टेअरिंग धरलं. "क्लच दाबला का मी हूं म्हणतो. मंग तू गिअर टाक."

"मला नाही जमायचं."

"वायरी जमल्या ना?"

मांडीवर शिट्टी वाजवणारं लेकरू, उजव्या हातात गिअरचा दांडा. हूं. दुसरा. हूं. तिसरा. धुक्यातून कापसाच्या बैलबंड्या समोर येत होत्या. नागोराव एका हातानं गाडी काढत होते. वाटेतलं जैनद गाव मागं पडलं, तसं त्यांनी हूं म्हणायच्या आत तिचा हात दांड्यावर जायला लागला. इंजिन काय मागतंय, ते तिला ऐकू येत होतं. भीतीनं जीव गोळा झालेला, आणि तरी आत कुठंतरी काहीतरी नाचत होतं. नागोरावांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. "मालकाच्या पोराले दोन महिने लागले होते," ते म्हणाले.

वाफ आणि इंजेक्शननं तासाभरात प्रज्ञा बिस्किट मागायला लागली. मग डॉक्टरांचं लक्ष म्हाताऱ्याच्या सुजलेल्या मनगटाकडं गेलं. रुख्मिणी सांगायला लागली की चूक तिची आहे, एक वायर तिनं मुद्दाम चुकीची जोडली होती. नागोरावांनी मध्येच तोडलं. "दहिवरावर पाय घसरला, सायेब. म्हातारा माणूस."

परत येताच तिनं हातब्रेक नीट करवून घेतला आणि ती वायर जिथली तिथं जोडली. पुढं ती गाडी चालवायलाही शिकली. उन्हाळ्यात सुधाकरनं बिऱ्हाड निर्मलला नेलं. नागोराव यायला तयार झाले नाहीत. दर पत्रात कोणाकडून तरी लिहवून घेतात की हात एकदम बरा आहे. रुख्मिणी जाते तेव्हा ते सगळं उजव्या हातानं करतात, आणि डावा हात खांद्यावरच्या टॉवेलखाली असतो.

तेव्हा तुमचं बेल्याकडं जाणं झालं, तर नागोराव ड्रायव्हरचं घर विचारा, कोणीही दाखवेल. हात बरा आहे, असं ते म्हणतीलच. तुम्ही फक्त प्यायला पाणी मागा, आणि भरलेला गडू ते कोणत्या हातानं देतात तेवढं पाहून रुख्मिणीला कळवा.