सात लिव्हरचं कुलूप

कुठलंही कुलूप आणा, मी तीन मिनिटांत उघडून देतो. फुशारकी नाही, धंदाच आहे माझा. आणि याच हातांनी माझी पुरती फजिती केली.

दारू सोडायची ठरवली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ती उरलेली बाटली आधी ओतून टाका." मी कसला ऐकतोय! म्हटलं, "ओतून टाकण्यात काय मोठेपणा? समोर असून हात लावला नाही, तर खरा निश्चय." लोखंडी पेटीत बाटली ठेवली, स्वतः बनवलेलं कुलूप ठोकलं आणि किल्ली गटारात फेकली. अकराव्या दिवशी तेच कुलूप तारेने उघडून बसलो. मग नवी बाटली, पाच लिव्हरचं कुलूप, म्हणजे आत एकेक करून उचलायच्या पाच पट्ट्या. तेही उघडलं. मग सात लिव्हरचं. दर वेळी देवापुढे छाती काढून सांगायचो, "देवा, तू नुसता बघत राहा, या वेळी करूनच दाखवतो."

"लावणारे तुम्ही, उघडणारेही तुम्हीच," बायको कपाळावर हात मारून म्हणायची. "चोरालाच पहाऱ्यावर बसवलंय."

लेकीने मात्र बोलणंच टाकलं होतं. नातू चार महिन्यांचा झाला, पण मी त्याला फोटोतच पाहिलेला. सात लिव्हरच्या जोरावर बावन्न दिवस कोरडे काढले, तेव्हा कुठे तिचा निरोप आला: गुरुवारी पाच वाजता बाळाला घेऊन दुकानात येते, पण वास आला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही.

गुरुवारी दुपारपासूनच माझा जीव टांगणीला लागला. आनंद व्हायला हवा होता ना? पण भीतीच वाटत होती. ती येईल, मला बघेल, आणि माझं काहीतरी चुकेल. किल्ल्या घासायला घेतल्या, दोन वाकड्या घासल्या. हात थरथरत होते. एक घोट घेतला की थांबतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मेलं तेच ठाऊक होतं.

पेटी काउंटरखालीच होती. म्हटलं, कुलूप नीट लागलंय ना, एवढंच बघू. बघायला तार कशाला लागते, हे मी स्वतःला विचारलंच नाही. चौथा लिव्हर उचलला गेला तेव्हा भानावर आलो. तरी हात थांबेनात. पाचवा. सहावा. सातवा. खट्. बाटली बाहेर आली, झाकण फिरलं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

तिथेच जमिनीवर बसलो. रडू कोसळलं. या वेळी छाती काढायला जागाच नव्हती.

"देवा, माझ्याच्याने नाही होत," मी म्हणालो. "ताकद दे म्हणत नाही, दिलीस तरी मी तिचं कुलूपच बनवीन. हे हात माझं ऐकत नाहीत. तूच धर."

काही चमत्कार झाला नाही. वास नाकात, बाटली पुढ्यात, मी तसाच. तेच वाक्य पुन्हा, पुन्हा. किती वेळ, कोण जाणे.

"बाबा?"

दारात लेक उभी, कडेवर बाळ. तिची नजर बाटलीवर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला.

"उघडलीय," मी म्हणालो. "प्यायलो नाही. पण तू आली नसतीस तर... माझा भरवसा धरू नकोस, बाई."

ती जवळ आली, वाकली आणि माझं तोंड हुंगलं. लहानपणी शाळेतून आली की आधी हेच करायची, मग दप्तर ठेवायची.

"हात पुढे करा. दोन्ही."

"अगं, थरथरतायत! पडेल तो."

"म्हणूनच म्हणते, दोन्ही. मान सांभाळा."

बाळ माझ्या हातांत देऊन तिने बाटली उचलली आणि मागच्या मोरीत गेली. ओतल्याचा आवाज येत राहिला, वास दुकानभर पसरला. खोटं कशाला बोलू, तेव्हाही तोंडाला पाणी सुटलं. पण देवाला धर म्हटलं होतं ना, धरलं होतं त्याने. माझा एकही हात मोकळा नव्हता.