चिकातला रखवालदार

मी ढवळी गाईच्या चिकातला, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातला, एक रेणू बोलतोय. पुस्तकात मला प्रथिन म्हणतात. डोळ्यांना मी दिसत नाही, म्हणून मला कुणी विचारत नाही. पण हाड-मांस बांधण्यापासून रक्ताची राखण करण्यापर्यंत सगळीकडे माझी भावंडं राबत असतात. त्यातली राखण माझ्या वाट्याला आली.

ढवळी वडगाव निंबाळकरच्या दत्तोबांची. तिनं जे आजार सोसले, त्यांची ओळख धरून तिच्या शरीरानं मला घडवलं. बारीक बारीक मणी ओवले, त्या माळेला घड्या घातल्या आणि बेचकीसारखा आकार दिला. त्या बेचकीत मी हगवणीचा जंतू पकडायचा. घडी मोडली की मी संपलो.

वासरू गाईच्या पोटात असताना त्याच्यापर्यंत जायला आम्हाला वाटच नसते. म्हणून ती आम्हाला कासेत साठवते. वासरू जन्मलं की त्याचं आतडं थोडा वेळ आमच्यासाठी दार उघडं ठेवतं. मग ते मिटतं, आणि पुन्हा उघडत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या माघात ढवळी पहाटे व्याली. काळीपांढरी कालवड झाली. मेंढरं विकून गाय घेतलेल्या दत्तोबांच्या गोठ्यातली ही पहिली कालवड. डेअरीवर भेटेल त्याला ते सांगत सुटले. इकडे कालवड धडपडत उठली आणि कासेकडे निघाली. मी अगदी तयार होतो. तेवढ्यात दत्तोबा परतले आणि त्यांनी तिला लांब बांधलं. गाईची वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, अजून पडायची होती.

"वार पडल्याबिगर पाजायचं न्हाय. न्हायतर वार आत ऱ्हाती अन् गाय हातची जाती."

त्यांची सून सारजा दारात उभी होती. "मामंजी, माझ्या माहेरी डाळजला कोकरू उठलं की आईखाली सोडत्यात. वार काय आडली न्हाय कधी."

"ती मेंढरं. ही जरशी गाय हाय. गप ऱ्हा."

दत्तोबा वाईट नव्हते हो. गाय जाईल या भीतीनंच ते असं वागले. खरं तर वासरानं कास ओढली असती तर वार लवकर सुटली असती. पण मी कासेतून कुणाला ओरडून सांगणार? दिवसभर कालवड हंबरत राहिली आणि मी आत तळमळत राहिलो.

दिवस मावळताना वार पडली. तरीही पहिला मान वासराला नाहीच. पहिला चीक देवाला आणि भावकीला, ही घरची रीत. दत्तोबांनी चरवी भरून पिळला, आणि कासेत उरलासुरला होता तेवढा कालवडीला मिळाला. तोवर दार मिटत आलं होतं.

सारजानं चिकात गूळ घातला, जायफळ किसलं आणि भांडं वाफेवर ठेवलं. माझ्या घड्या एकेक करून सुटल्या. आम्ही सगळे एकमेकांत गुंतलो आणि थिजलो. भावकीत वाट्या फिरल्या. "काय घट्ट झालाय खरवस!" जो तो म्हणाला. आमचं मरण त्यांना गोड लागलं.

मी मात्र एका डब्यात उरलो. दत्तोबांची लेक इंदापूरला दिलेली, तिच्यासाठी. तो डबा गेलाच नाही. कालवडीला हगवण लागली आणि घर गोठ्यात येऊन बसलं.

जनावरांचे डॉक्टर आले. सलाईन लावता लावता म्हणाले, "जन्मल्या जन्मल्या चीक पाजला होता का? तेच हिचं औषध होतं."

दत्तोबांनी तोंडावर टॉवेल धरला.

डॉक्टर गेल्यावर सारजा धावत घरात गेली आणि डबा घेऊन आली. "मामंजी, ह्यो चीकच हाय की! चारू या तिला." तिनं मला चुरलं, कोमट पाण्यात कालवलं आणि कालवडीच्या जिभेवर ठेवलं. अगं बाई, मी आता नुसता खाऊ उरलोय गं! कालवडीनं कसंबसं गिळलं. तिची शेपटी किंचित हलली.

"बघा, खातीय," सारजा म्हणाली. दत्तोबा कालवडीच्या अंगावरून हात फिरवत राहिले.

ज्या पोटासाठी मला घडवलं, त्या पोटात मी आता आहे. समोर जंतू दिसतात, पण धरायला बेचकी नाही. हे पोट गार पडत चाललंय. तुमच्या गोठ्यात गाय व्याली तर खरवस दुसऱ्या दिवशी करा. पहिली धार वासराची आहे, ती त्याला पिऊ द्या.