मावशीचे दोन किलो वाटाणे

"आला, आला! बोटभर वर आला!" खड्ड्याभोवती ही गर्दी उसळली. विद्यापीठाची मुलं तिथे उत्खनन शिकत होती. एका सुट्टीनंतर येऊन बघतात तर कोपऱ्यात दगडी देवाचं डोकं! आणि तो देव दिवसागणिक आपोआप वर येत होता.

त्याच्यावर रोजच्यासारखं तांब्याभर पाणी ओतून, छावणीतच जेवणारे मातीबाबा गरजले, "हजार वर्षांची झोप मोडली! ही माती चिमूटभर खा, औषधं फेका!"

छावणीत स्वयंपाक करणाऱ्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या खरंच कचऱ्यात टाकल्या. ते बघून भुक्कड कचऱ्याकडे धावली. भुक्कड म्हणजे सगळ्यांत लहान विद्यार्थिनी. सुट्टीआधी कोठीतले दोन किलो सुके वाटाणे पिशवीसकट नाहीसे झाले, तेव्हा मावशीनेच तिला हे नाव बहाल केलं होतं. तिने गोळ्या वेचून आणल्या, तर मावशी कडाडली, "आधी माझे वाटाणे आण, मग अक्कल शिकव!"

रडवेली होऊन ती शिकवणाऱ्या बाईंकडे गेली.

"देवाकडे काय बघतेस? भिंत वाच," बाई म्हणाल्या.

तिने ब्रशने खड्ड्याची भिंत साफ केली. तांबडी माती, वर राखेचा पांढरा पट्टा, त्यावर काळी माती; गादीवर गादी रचावी तसे थर. देवामागे मात्र पट्टा कात्रीने कापल्यासारखा तुटलेला, आणि तिथली माती भुसभुशीत, सगळे रंग कालवलेले.

तिने टुणकन उडीच मारली. "बाई, देव झोपला नव्हता, पुरला होता! जुने थर फोडून! आत्ता, सुट्टीत!"

"पोरी, शाप लागेल!" बाबा किंचाळले.

"लागू दे. आधी खुरपी लागू दे."

देव बाजूला केला. खाली एका पिशवीत टम्म फुगलेले, मोड आलेले वाटाणे! बाबा पाणी ओतत होते, वाटाणे फुगत होते आणि देवाला वर ढकलत होते.

मावशी वाकली. "अगं बाई! हे निळं ठिगळ मीच लावलंय! मेल्या, माझ्याच हातचं गिळून माझेच वाटाणे पुरलेस?"

बाबा वहाणा टाकून पळाले. गर्दी हसून लोटपोट.

"बघतेस काय, भुक्कडे? आण त्या गोळ्या. आणि पाणी दे. बाबाचं नको, माठातलं."

आज भुक्कडचे केस पांढरे झालेत, तरी वाटाणा सोलताना तिला हसू फुटतं. मग नातवंडांना ती सांगते, "काही आपोआप वर येताना दिसलं, तर हात जोडण्याआधी खाली काय आहे ते बघा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका."