दोन्ही एकाच पिशवीत

कोर्टातल्या टायपिस्टने एकतीस वर्षं निकालपत्रं टाइप केली आणि निवृत्त होऊन तो लेकीकडे राहायला आला. कलमं अजून जिभेवर होती. म्हणूनच वॉशिंग मशीनची नळी बदलताना मागून जावयाची जिमची बॅग निघाली, तेव्हा आतलं पिस्तूल आणि पांढऱ्या पावडरीच्या पुड्या पाहून त्याला आधी आठवली ती शिक्षा.

जावई दुपारी जेवायला आला. टायपिस्टने बॅग त्याच्यापुढे ठेवली.

"मित्राची आहे, बाबा. दोन दिवसांत नेईल," जावई हसला. "पिस्तुलात तर गोळ्याही नाहीत."

"कायदा गोळ्या विचारत नाही. नुसती पावडर सापडली तर तीन वर्षं. जोडीला हत्यार असलं की वर दहा, आणि ती आधीची तीन भोगून झाल्यावर सुरू होतात. न्यायाधीशाच्या मनात आलं तरी त्यातला दिवस कमी करता येत नाही."

"म्हणजे दोन्ही एका जागी नको, एवढंच ना?"

"म्हणजे दोन्ही घरात नको!"

जावयाने मान डोलावली आणि निवांत जेवायला बसला.

दाराआडून लेकीने सगळं ऐकलं होतं. नवरा हात धुवायला गेला तशी तिने घाईत, बॅगेत आणखी न बघता, पिस्तूल टॉवेलात गुंडाळून आपल्या ऑफिसच्या पर्समध्ये तळाशी कोंबलं. पुलावरून नदीत टाकायचं, मग पुड्यांचं बघू. बापाला ती म्हणाली, "जरा बाजारात जाऊन येते."

तिला काय ठाऊक, की टेबलावरून उठण्याआधीच, सासरा पाणी आणायला वळला तेवढ्यात, नवऱ्याने पुड्या खुर्चीला अडकवलेल्या तिच्या पर्सच्या अस्तरात सरकवल्या होत्या! बायकोची पर्स कोण उघडतंय, हा त्याचा हिशेब.

पुलावर पोलिसांची तपासणी चालू होती.

लेकीला पकडल्याचा पोलिस ठाण्यातून फोन आला तेव्हा टायपिस्टने जावयाचा हात धरला. "चला जावईबापू, ठाण्यात जाऊन खरं सांगा. एवढं एक करा."

"हो हो, शर्ट बदलून आलो," म्हणत जावई आत गेला आणि मागच्या जिन्याने पसार झाला.

टायपिस्टने साक्ष दिली, हात जोडले. सरकारी वकील एवढंच म्हणाला, "बापच तो, दुसरं काय सांगणार?"

लेकीला तेरा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात नेताना तिने विचारलं, "बाबा, अपिलात कमी होईल ना?"

"होईल गं," तो म्हणाला. होत नाही, हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

जावई पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात पकडला गेला. जवळ फक्त पावडर होती, म्हणून तीनच वर्षं. तो सुटेल तेव्हा लेकीच्या दहांतलं पहिलं वर्ष चालू असेल.