खंडेनवमीला पुजलेली फ्लॉपी

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला हातात धरलेलंही नसेल. पण संगणकावर केलेलं काम जपून ठेवायचं असलं की तुम्ही एका लहानशा चौकोनी चित्रावर टिचकी मारता ना? ते चित्र माझं आहे. मी फ्लॉपी. रंगानं निळी, मापानं साडेतीन इंच, आणि वय म्हणाल तर ते विचारू नका.

माझी ठेवण अगदी साधी. वरून कडक प्लॅस्टिकचं कवच, आत एक पातळ तपकिरी चकती आणि एका कडेला पत्र्याचं सरकतं झाकण. हे झाकण संगणकाच्या पोटात गेल्यावर आपोआप उघडतं. बाहेर कुणी ते उघडायचं नसतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं रामायण त्या झाकणापायी घडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी सांगलीतल्या एका वह्या-पेनांच्या दुकानात, गोंदाच्या बाटल्यांशेजारी बसले होते. तिथून चारुशीला नावाच्या मुलीनं मला आणि माझ्या दोन बहिणींना घेतलं. ती रहिमतपूरची. सांगलीच्या कॉलेजात भूगोल घेऊन एम. एस्सी. करत होती. तिच्या प्रबंधाचा विषय होता माण तालुक्यातल्या विहिरी. म्हसवडच्या आसपासच्या एकशे साठ विहिरींचं पाणी ती दोन वर्षं मोजत होती. त्यासाठी तिच्या आईनं, तानुबाईनं, एका दोरीला दर मीटरवर लाल दोरा शिवून दिला होता. तानुबाई शिवणकाम करायची. घरात पायाचं मशीन होतं आणि त्यावरच मायलेकींचा संसार चालला होता.

कॉलेजच्या संगणक खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात जावं तशी मुलं हळू आवाजात बोलत आत शिरायची. चारुशीलाची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, एकेक तास. त्या तासात ती खटाखट आकडे भरायची आणि उठताना सगळं माझ्यावर उतरवून घ्यायची. फायलीचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, म्हणून नावं तरी काय एकेक. विहीर एक, विहीर दोन, नवी विहीर, शेवटची, आणि त्यानंतर खरी शेवटची. मला हसू यायचं. पण मी एकही आकडा कधी सांडला नाही. एकदा तिचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हिची फ्लॉपी कधी दगा देत नाही." त्या दिवशी मी कंपासपेटीत मावेना.

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही.

सत्त्याण्णव सालचा दसरा शनिवारी होता आणि प्रबंध सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात द्यायचा होता. नेमकी त्याच आठवड्यात खोलीतल्या संगणकांना कसलीशी कीड लागली. दारावर कागद चिकटला की गुरुवारी सगळी यंत्रं पुसून कोरी करणार, ज्यानं त्यानं आपलं काम घेऊन जावं. चारुशीलाचं काम नकाशांमुळे एवढं वाढलं होतं की एकीच्या अंगावर मावेना. मग तिनं ते दाबून गठ्ठा केला आणि आम्हां तिघींवर कापून वाटला. मी मधली. तिघींपैकी एक जरी फिरली तरी बाकीच्या दोघी कुचकामी. जागा करायला तिनं आमच्यावरच्या जुन्या फायली पुसून टाकल्या. खोलीवरचे सर म्हणालेही होते, "दुसरी प्रत करून ठेव गं." ती म्हणाली, "सर, चार दिवसांत छापूनच घेणार आहे." तहान लागल्यावर विहीर खणायची खोड विहिरी मोजणाऱ्या मुलीलाही असते, काय सांगू.

सांगलीतल्या छपाईवाल्याकडे वर्गातल्या मुलांचीच रांग मंगळवारपर्यंत लागली होती. पण साताऱ्यात नाथाजीचं संगणकाचं दुकान होतं. तो मूळचा रहिमतपूरचा. सोमवारी सकाळी ये, छापून देतो, असं त्यानं कबूल केलं होतं. म्हणून आम्ही सणाला गावी आलो.

घरी पोचल्यावर चारुशीलानं आम्हां तिघींना मशीनच्या फळीवर ठेवलं, मी सगळ्यांत वर. तानुबाईनं मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"ह्यात काय असतंय गं?" तिनं विचारलं.

"तुला नाही कळायचं, आई," चारुशीला म्हणाली. "लय महत्त्वाचं आहे, एवढं समज. माझं सगळं त्यातच आहे."

तानुबाईनं मला दोन्ही हातांनी खाली ठेवलं. मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, अगं बाई, सांग की तिला. दोन मिनिटांचं काम आहे. पण आमच्या जातीला बोलता कुठं येतं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं पुजायचा दिवस. चारुशीला फुलं आणायला गेली होती. तानुबाईनं मशीन लख्ख पुसलं, त्याच्या भोकांत तेल सोडलं, कात्री धुतली, पट्टी गुंडाळून ठेवली. मग पाटावर कात्रीशेजारी मला मांडलं. लेकीचं सगळं ह्यात आहे म्हटल्यावर ती मला कशी वगळील? तेल आत गेलं तरच मशीन चालतं, हे तिचं चाळीस वर्षांचं ज्ञान. तिनं माझं तोंड शोधलं. पत्र्याचं झाकण बोटाखाली सरकलं तशी ती हरखली. "हितं हाय व्हय," म्हणाली आणि तेलाचं बोट कुंकवात बुडवून तिनं माझ्या उघड्या चकतीवर ठळक टिळा लावला. वर हळद टाकली, हात जोडले. "पोरीला यश दे," म्हणाली. झाकण आपसूक मिटलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला तिचा राग आला नाही. भीती मात्र अशी वाटली की विचारू नका. आत तेल हळूहळू पसरत होतं आणि चारुशीला शनिवारी आपट्याची पानं वाटत हसत होती. मी दोन दिवस आणि तीन रात्री ते ओझं घेऊन पडून राहिले.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही साताऱ्यात नाथाजीच्या दुकानी पोचलो. सांगलीला पाचच्या आत पोचायचं तर एकची एसटी गाठणं भाग होतं. पहिली बहीण आत गेली, सुरळीत वाचली गेली. मग मला घातलं. घर्रर्र, खट. पुन्हा घर्रर्र, खट. पडद्यावर इंग्रजीत तीन शब्द उमटले. सोडून देऊ, पुन्हा बघू, की फेल. नाथाजीनं पुन्हा बघू म्हटलं. पुन्हा तेच तीन शब्द. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं.

चारुशीलाच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा, दुसऱ्या यंत्रात बघा ना," ती म्हणाली. दुसऱ्यातही तेच.

"कॉलेजात ठेवलं आसंल की एखादं?" नाथाजीनं विचारलं.

"गुरुवारी सगळं पुसलं."

"आन् जुन्या फ्लॉप्या?"

"ह्याच जुन्या. ह्यांच्यावरचं मीच पुसलं." एवढं बोलून ती स्टुलावर बसली. तिच्या वहीत आकडे होते, पण एकशे तीस पानं दुपारपर्यंत कोण टाइप करणार? प्रबंध नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि आटपाडीच्या कॉलेजात तिला शिकवायची जागा मिळणार होती, ती याच निकालावर. ती दुसऱ्या कुणाला गेली असती. हे सगळं तिनं नाथाजीला सांगितलं नाही. माझ्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटली. मित्रांनो, मी लाजेनं मेले. दोन वर्षांत तिनं माझ्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा माणसांवरही टाकला नव्हता.

नाथाजीनं माझं झाकण सरकवून उजेडात धरलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आरं तिच्या. हे लाल काय?" त्यानं नखावर घेऊन हुंगलं. "कुंकू हाय. आन् तेल. कुणी क्येलं हे?"

चारुशीलानं माझा वास घेतला. मशीनच्या तेलाचा तो वास तिला जन्मापासून ठाऊक. तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळायला लागलं, पण ती एवढंच म्हणाली, "माझ्याच हातून सांडलं, दादा."

नाथाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि ब्लेड घेतलं. "आता येकच उपाय. हिला फोडायची. साधलं तर साधलं. न्हाईतर माझ्या नावानं बोलू नगं."

"फोडा," चारुशीला म्हणाली.

त्यानं माझ्या कवचाच्या कडा उकलल्या. आतली चकती बाहेर काढली, कापसाला स्पिरिट लावून मधून कडेकडे अलगद पुसली, टेबलपंख्यासमोर वाळवली. एक कोरी काळी फ्लॉपी उकलून तिच्या कवचात मला घातलं. परक्या घरात, परक्या कपड्यांत मी पुन्हा संगणकात गेले. माझ्या अंगावर बांगड्यांसारखे ऐंशी गोल आहेत, एकात एक. ते सगळे वाचून होतील तेव्हा माझी नक्कल नव्या फ्लॉपीवर उतरणार होती. दहा झाले, तीस झाले, साठ झाले. एकसष्टाव्याला अडकलं. घर्रर्र, खट.

साडेअकरा वाजून गेले होते. नाथाजी दहा मिनिटं तेच बटण दाबत राहिला, मग त्यानं हात मागं घेतला. "हिच्यात आता जीव न्हाई गं पोरी. उगं किती छळायचं?"

"अजून एकदाच, दादा. एकदा पुसून बघा. तुमच्या पाया पडते."

मला पुन्हा बाहेर काढलं. पुन्हा कापूस, पुन्हा पंखा. त्या वेळी माझ्या मनात काय होतं सांगू? ह्यानंतर माझं काहीही होवो, मी पुन्हा कधीच वाचली जाऊ नये, पण एवढा एक गोल सुटू दे. चारुशीलानं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. घर्रर्र झालं. खट झालंच नाही. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ऐंशी पुरे झाले तेव्हा ती रडत होती आणि नाथाजी तिला प्रिंटरमध्ये कागद लावायला सांगत होता.

गठ्ठा उलगडला. म्हसवडचा एक नकाशा तेवढा फाटका निघाला. तो तिनं एसटीत मांडीवर वही ठेवून हातानं काढला. कॉलेजात पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

पण दुकानातून निघण्याआधीची गोष्ट राहिलीच. माझी नक्कल झाली होती, माझं काम संपलं होतं. नाथाजी मला केराच्या डब्यात टाकणार तोच तिनं हात धरला. "दादा, हिला परत निळ्यातच घाला. आई विचारील. तिनं निळी पुजलीय." नाथाजीनं मला माझ्या जुन्या कवचात घातलं आणि कडेनं चिकटपट्टी लावली. घरी गेल्यावर चारुशीलानं आईला एवढंच सांगितलं, "पोचला गं प्रबंध. काही अडचण आली नाही."

निकाल लागला. आटपाडीची जागा तिला मिळाली. मी मशीनच्या खणात रिळांच्या गर्दीत पडून राहिले. कुणी विचारत नव्हतं, पण माझी तक्रार नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला तानुबाईनं खण उघडला. मशीन पुसून झालं, कात्री मांडून झाली. मग तिनं चोळीच्या खणाची एक लहान पिशवी काढली. माझ्याच मापाची, चारी बाजूंनी दुहेरी शिवण, वर झाकायला पट्टी. मला त्यात घालून तिनं पट्टी नीट दाबली आणि कुंकू पिशवीवर लावलं.

"गेल्या साली माझ्या बोटानं तुला लय तरास झाला बाई," ती मला म्हणाली. "तुजी शिवण उसवून पुन्यांदा घातलीया, आन् कडेला कुंकवाची रेघ. शिवणारनीच्या नजरंतनं सुटतंय व्हय? पोरीनं मला बोलून दाखवलं न्हाई. म्या बी कळल्याचं दाखवलं न्हाई."

चारुशीला दारात फुलं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन आईच्या शेजारी बसली आणि आईचं तेलाचं बोट आपल्या ओढणीनं पुसू लागली. मग चारुशीलानं मला पिशवीतून काढलं, झाकण हळूच सरकवलं आणि म्हणाली, "आई, इकडं बघ. ह्यात काय असतं ते सांगते."

मित्रांनो, तुमचं काम जिथं ठेवाल तिथं त्याची दुसरी प्रत जरूर करा. आमचा भरवसा धरू नका, आम्ही कितीही इमानी असलो तरी नाशवंत आहोत. पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. घरात कुणी तुमच्या वस्तूकडे बोट दाखवून "ह्यात काय असतंय" असं विचारलं, तर "तुला नाही कळायचं" म्हणू नका. तानुबाईला सगळं कळलं. फक्त तिला ते एक वर्ष उशिरा सांगितलं गेलं.